मूठ की पंजा

अहो पंच,

लांबण लावलेली तुम्हाला आवडत नसे, मलाही नाही. म्हणून मुख्य गोष्ट आधी. माझ्या एका वाक्यामुळे तुमची शिट्टी अख्खा एक मोसम गेली. ते वाक्य खोटं होतं. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, आयुष्यभर मुलींना गणित शिकवलं, पुष्कळ हुशार माणसं पाहिली. पण ज्याच्याकडे थक्क होऊन पाहत राहावं असा माणूस एकच भेटला, आणि तो बूट शिवत होता.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून क्रमानं सांगते. मध्ये बोलू नका. तसे तुम्ही आता बोलणार नाहीतच, तुम्हाला जाऊन दोन वर्षं होतील.

मैदानाच्या फाटकाला लागून तुमचं दुकान. दुकान म्हणजे दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. मधोमध लोखंडाचं उलटं पाऊल, त्यावर बूट चढवून तुम्ही ठोकत बसायचात. तळ चिकटवायच्या सोल्युशनचा वास इतका की पाच मिनिटांत डोकं हलकं व्हायचं. गल्ल्यावर वहिनी, म्हणजे तुमची बायको, चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहीत बसलेल्या. आणि शनिवार-रविवार दुपारी चार वाजले की तुम्ही हात धुऊन, राखाडी शर्ट चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात. शिट्टीचा दोर तुम्ही स्वतः चामड्याची बारीक पट्टी विणून केला होता. बाकी पंचांच्या गळ्यात नायलॉनच्या दोऱ्या असत. एवढा एकच नखरा तुमचा.

मैदान म्हणजे पत्र्याच्या छपराखालचा गुळगुळीत कोबा. एका लांब बाजूला प्रेक्षकांसाठी तीन पायऱ्या, समोरच्या लांब बाजूला माझं टेबल. मी गुणलेखक. शाळेनं मला तिथे बसवलं, कारण गणिताची बाई बेरजेत चुकणार नाही. टेबल कडेच्या रेषेला इतकं चिकटून की खेळाडूंचा घाम माझ्या वहीवर पडायचा.

ज्यांनी बास्केटबॉल लांबूनच पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉल घेऊन धावणाऱ्या खेळाडूचं पाऊल कडेच्या रेषेवर नुसतं टेकलं तरी तो बाहेर. पंच शिट्टी मारतो, हात वर करतो, पंजा उघडा. बॉल समोरच्या संघाला. पण त्याला कोणी ढकलून बाहेर घातलं असेल तर गुन्हा ढकलणाऱ्याचा. शिट्टी तीच, हात तसाच वर, फक्त मूठ मिटलेली. तो फाऊल. तो ढकलणाऱ्याच्या नावावर चढतो, आणि असे पाच झाले की तो बाकावर जाऊन बसतो. मूठ की पंजा, एवढाच प्रश्न. आणि उत्तर द्यायला वेळ किती? माझ्या वर्गातल्या मुलींना सात नवे किती हे सांगायला जेवढा लागायचा, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका.

अडचण अशी की कडेला दोन्ही गोष्टी एकाच दमात होतात. दोघी खांद्याला खांदा लावून धावत येतात, धक्का लागतो, पाऊल रेषेवर पडतं, एकजण कोसळते. आधी काय झालं, धक्का की पाऊल? पायऱ्यांवरच्या दोनशे माणसांना दोनशे गोष्टी दिसतात, आणि प्रत्येकाला आपल्या संघाच्या सोयीची.

पहिल्याच वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं, "अहो पंच, तुम्ही बघता तरी काय?"

"बूट."

"नुसते बूट?"

"बूट आणि कंबर, बाई. ढकललेल्या माणसाची कंबर आधी जाते, आणि पाऊल तिला सावरायला मागून धावतं. स्वतःहून जाणाऱ्याचं पाऊल आधी जातं, कंबर मागून येते. हात नाटक करतात. तोंडाचं तर विचारूच नका."

"हे कुठं शिकलात?"

"दुकानात. गिऱ्हाईक बूट चढवून दोन पावलं टाकतं ना, तेव्हा मी तोंडाकडे बघत नाही. तोंड म्हणतं, छान झालाय. पाऊल म्हणतं, चावतोय."

वहिनी गल्ल्यावरून म्हणाल्या, "यांना घरात नाकासमोर ठेवलेला चष्मा दिसत नाही. आणि तिकडे म्हणे बोटभर रेष दिसते."

"चष्मा पळत नाही ना," तुम्ही म्हणालात आणि पुन्हा ठोकायला लागलात.

मी हसले आणि विसरले. कोणी आपल्या कामाबद्दल दोन वाक्यांत इतकं नेमकं बोललं की मला उगाच संशय येतो. शिक्षकी पेशाचा दोष.

आता त्या अंतिम सामन्याचं.

माझी धाकटी तेव्हा सतरा वर्षांची. थोरलीनं खेळाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, धाकटीनं पुस्तकाकडे. तिच्या बुटांचे तळ तुम्हीच दोनदा बदलून दिले होते. आई टेबलावर आणि मुलगी मैदानात हे कसं चालत होतं, असं आज कोणी विचारेल. चालत होतं, कारण तासन् तास तिथे बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं, आणि माझी ख्याती अशी की मी पोटच्या पोरीलाही अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. ती ख्याती खरी होती. म्हणूनच पुढचं सगळं झालं.

नऊ सेकंद उरले होते. आमच्या मुली एका गुणानं मागे. जिंकणारा संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार होता, आणि तिथून धाकटीला क्रीडा वसतिगृहात जागा मिळेल अशी आशा होती. ती बॉल घेऊन माझ्याच बाजूच्या कडेनं धावत आली. अंगाशी समोरच्या संघाची एक उंच मुलगी.

आता मी काय पाहिलं ते लिहिते. काहीही नाही. मघाशी फाऊल लिहिताना घाईत माझा चारचा आकडा वाकडा आला होता, तो मी सरळ करत होते. खेळ चालू असताना गुणलेखकानं मान खाली घालायची नसते, हे मीच नव्या लोकांना शिकवायचे. पण वहीत वाकडा आकडा मला सहन होत नाही. मान वर केली तेव्हा धाकटी माझ्या टेबलावर आडवी, पाण्याची बाटली माझ्या मांडीत, पेन कुठल्या कुठे, आणि तुम्ही हातभर अंतरावर उभे. हात वर. पंजा उघडा.

मूठ असती तर धाकटीला दोन फ्री थ्रो मिळाले असते, म्हणजे कोणी न अडवता दोनदा बास्केटमध्ये बॉल टाकायची संधी. ती डोळे मिटून टाकायची. पंजा होता, म्हणून बॉल तिकडे गेला आणि सामनाही. पायऱ्यांवरून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. तुम्ही टेबलापाशी आलात, नियमाप्रमाणे माझ्या वहीवर सही केलीत, क्षणभर पानाकडे पाहिलंत आणि गेलात.

मी विचारलं होतं, "पंच, ढकललं नाही तिला?"

"पाऊल आधी, बाई." बस्स.

आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांनी तक्रार केली. तीन दिवसांनी स्पर्धा समितीच्या खोलीत सगळे जमलो. लोखंडी कपाट, वर धूळ खात बसलेले कप, मध्ये सचिव. गलेलठ्ठ माणूस, बोलायच्या आधी कागद सारखे करायची सवय. तुम्ही भिंतीकडच्या बाकावर.

"बाई, तुम्ही सगळ्यांत जवळ होतात," सचिव म्हणाले. "मुलगी तुमची आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही कशा आहात तेही ठाऊक आहे. पाहिलंत ते लिहून द्या."

मी लिहिलं: प्रतिस्पर्धी खेळाडूनं तिला ढकलल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं. अक्षर सुरेख. खाली सही.

खोटं लिहिते आहे असं तेव्हा वाटलं नाही, हे सांगायला हवं. मुलगी टेबलावर आडवी पडली म्हणजे कोणीतरी ढकललं असणार, आणि असणार म्हणजे मी पाहिलं, असा माझा हिशोब. वर्गात एखादीनं अशी पायरी गाळली असती तर तिला शून्य दिलं असतं.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" सचिवांनी तुम्हाला विचारलं.

"मी पंजा दाखवला. तेच म्हणणं."

निकाल बदलणं नियमात नव्हतं. पण तुमच्या कागदावर शेरा पडला, कडेचे निर्णय भरवशाचे नाहीत, आणि शिट्टी एक मोसम जमा करायला सांगितली. तुम्ही ती गळ्यातून काढलीत, दोराची गाठ सोडवलीत आणि नुसती शिट्टी टेबलावर ठेवलीत.

"दोर माझा आहे," म्हणालात.

मला वाईट वाटलं का? नाही. बरं वाटलं. धाकटीचं हुकलं ते कोणाच्या तरी माथी लागलं, याचं बरं वाटलं. दुकानावरून जाताना मी समोरच्या फुटपाथनं जायला लागले. चपलेचा अंगठा तुटला तर दोन चौक लांब जाऊन शिवून आणला, आणि तो आठवड्यात पुन्हा तुटला. तेव्हाही माझी जिरली नाही.

आणि तुम्ही काय केलंत? दर शनिवारी-रविवारी चार वाजता हात धुऊन मैदानावर. राखाडी शर्ट नव्हता, एवढंच. पायऱ्यांवर डावीकडच्या टोकाला बसायचात, माझ्या टेबलाच्या बरोबर समोरच्या कडेला. कोणाशी बोलणं नाही, कोणाच्या निर्णयावर हूं की चूं नाही. पहिले दोन सामने मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्यात पाहिलं, आणि मग मला दुसरं काही पाहवेना.

तुमचा उजवा हात गुडघ्यावर असायचा. कडेला झटापट झाली की तो हात हलायचा. मिटायचा, नाहीतर उघडायचा. शिट्टी त्यानंतर वाजायची. मला आधी वाटलं, हा योगायोग. मग वाटलं, सवय असेल. मग मी वैतागले आणि माझ्या नेहमीच्या मार्गानं गेले. स्वतःची एक छोटी वही केली. कडेचा प्रत्येक निर्णय, तुमचा गुडघ्यावरचा हात एका रकान्यात, मैदानावरच्या पंचाचा दुसऱ्यात. या खेपेला मान खाली नाही. न बघता लिहायला शिकले, त्यामुळे वहीतले आकडे असे की लहान मुलानं काढावेत.

मोसमभरात एकशे चौदा निर्णय. त्यांतले एकशे तीन जुळले. अकरा जुळले नाहीत. मी त्या अकराही खेळाडूंना सामन्यानंतर नळापाशी गाठलं. मुली पहिल्यांदा विचारलं तर आपल्या सोयीचं सांगतात, दुसऱ्यांदा गप्प बसतात, तिसऱ्यांदा विचारलं की खरं बोलतात. तीस वर्षांचा अनुभव आहे. अकरांपैकी नऊजणींनी तुमच्या हातानं सांगितलं होतं तेच सांगितलं. दोघी म्हणाल्या, बाई, आमचं आम्हालाच कळलं नाही.

तुमच्या हाताच्या विरुद्ध एकही गेली नाही. आणि हे पंचवीस पावलांवरून, मध्ये दहा मुलींची पळापळ चालू असताना, हातात शिट्टी नसताना, कोणी विचारलेलं नसताना.

मी स्वतः करून पाहिलं. दोन सामने नुसते बूट आणि कंबर बघायचं ठरवलं. वीसपैकी अकरा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तर दहा आले असते. डोकं ठणकलं ते वेगळंच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी रोज टेबलावर बसून कशाच्या शेजारी बसत होते. एखाद्या घराच्या ओसरीवर वर्षानुवर्षं बसावं, आणि एक दिवस दार किलकिलं व्हावं, आणि आत केवढा दरबार भरला आहे ते दिसावं, तसं झालं. गणितात असं मला दोनदा वाटलं आहे, कॉलेजात. माणसाबद्दल हीच एक खेप.

त्या रविवारी घरी आले. धाकटी जिन्यात बसून बुटांच्या नाड्या ओवत होती.

"त्या सामन्यात काय झालं होतं?"

"कुठल्या?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

तिनं नाडी ओवणं थांबवलं नाही. "पाऊल पडलं होतं, आई. रेषेवर. मला कळलं. मग ती अंगावर आलीच होती, म्हटलं पडावं."

"मग तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"तू लिहून दिलंस ना, पाहिलं म्हणून. तू पाहिलंस म्हणजे तसंच असणार. मलाच वाटायला लागलं, माझं काहीतरी चुकतंय."

मी तिला ओलांडून वर गेले.

दुसऱ्या दिवशी समितीला पत्र लिहिलं, माझं निवेदन खोटं होतं, आणि आधी तुम्हाला दाखवायला आणलं. वर्षभरानं दुकानाची पायरी चढले. वहिनींनी माझ्या चपलेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोणाकडून शिवलीत ही? शत्रू आहे का तुमचा?" तुम्ही बूट लोखंडावरून उतरवून पत्र वाचलंत. सावकाश, बोट फिरवत.

"तुमची मान खाली होती हे मला तेव्हाच माहीत होतं," म्हणालात.

"तुम्ही तर बूट बघत होतात."

"सही करताना पाहिलं. चारच्या आकड्याला शेपूट होतं, बाई. पानभर लांब. मुलगी टेबलावर आदळली तेव्हा पेन चारवर होतं, म्हणून तर ते तिथून घसरलं. डोळे वर असते तर पेन तिथे कशाला असतं?"

मी खाली बसले. गिऱ्हाइकांचं स्टूल होतं, त्यावर. ते पान माझ्याजवळ होतं, समितीजवळ होतं, सरांनी चारदा चाळलं होतं. शेपूट सगळ्यांना दिसलं होतं. ते वाचलं होतं फक्त तुम्ही.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? बाकावर बसून होतात. एक वाक्य पुरलं असतं. शिट्टी गेली नसती."

तुम्ही बूट पुन्हा लोखंडावर चढवलात. "तुमचं टेबल रेषेच्या बाहेर येतं, बाई. मी आतलं बघतो."

रागानं नाही, मोठेपणा दाखवायला नाही. भाव सांगावा तसं सांगितलंत. वहिनी म्हणाल्या, "असे आहेत. मी आणि कोणाला सांगू." मला रडू येत नाही सहसा. तेव्हाही आलं नाही.

"हे पत्र मी देणार आहे," मी म्हणाले.

"द्या की. ते तुमचं तुम्ही बघा. माझं एक काम करा त्यापेक्षा."

"सांगा."

"टेबलासमोरची रेष पुसलीय. दर आठवड्याला टेबल ओढतात, पाय घासतात. हातभर तरी गेलीय. तुमची मुलगी बाहेर गेली ती तिथेच."

"रेषच नव्हती? मग तुम्हाला दिसली कशी?"

"दोन्हीकडची टोकं दिसतात ना. मध्ये पुसली म्हणून ती काय तिथे नसते?" मग म्हणालात, "पण नवे पंच येतील, त्यांना नाही दिसायची. रंगवायला हवी. दोरी ताणायला दोन माणसं लागतात. तुम्ही भूमितीच्या बाई, तुम्ही एक टोक धरा."

"या रविवारी," मी म्हणाले.

पत्र मी दिलं. सचिवांनी कागद सारखे केले आणि म्हणाले, "बाई, मोसम संपला, शिट्टी आम्ही परत देतोच आहोत. आता कशाला उकरून काढता?" पत्र कपाटात गेलं. शेरा तसाच राहिला. मी तीनदा खेटे घातले, तरी तो खोडायचा अधिकार कोणाचा हेच कोणाला सांगता येईना. तुम्हाला शिट्टी मिळाली, तुम्ही दोर बांधलात आणि पुढे अकरा वर्षं त्याच कोब्यावर उभे राहिलात. मोठ्या सामन्यांना एकदाही बोलावणं आलं नाही. तुमच्याहून निम्म्यानं कमी बघणारे पंच तिकडे गेले. याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत, म्हणून मी काढते आहे. धाकटी वसतिगृहात गेली नाही, आता लांबच्या एका शहरात औषधांचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाच्या तोंडापेक्षा हाताकडे बघते म्हणते. कोणाकडून शिकली ते विचारायला नको.

आणि त्या रविवारी मला परीक्षेचे पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी सामने होते. मग तुमचा गुडघा धरला, उकिडवं बसता येईना. मग कोबा ओला होता, मग माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मग वहिनी आजारी. दर वर्षी मोसम सुरू होताना तुम्ही टेबलाशी येऊन म्हणायचात, "बाई, ते टोक धरायचं राहिलंय," आणि मी म्हणायचे, "या रविवारी नक्की." पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा मी पहिल्याच वर्षी आणून ठेवला होता, ब्रश आणि दोरीसकट. हातभर रेषा, फार तर अर्ध्या तासाचं काम.

डबा आमच्या जिन्याखाली आहे. परवा झाकण उचकटून पाहिलं. वर जाड साय धरली आहे, खाली रंग अजून ओला आहे.